साबणाशिवाय लॅटेक्स: झ्विटरआयनिक मोनोमर वापरून कोटिंगचं डिस्पर्शन स्थिर कसं ठेवायचं

भोसरी-चाकण पट्ट्यातले रंग आणि रेझिनवाले केमिस्ट लॅटेक्सच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक पॉलिमर कणांच्या, फुटलेल्या बॅचच्या बाटल्या घेऊन माझ्याकडे येतात. तक्रारी वेगवेगळ्या असतात, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त बाटल्यांमागे चूक एकच निघते. जुन्या फॉर्म्युल्यातून सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस) हा साबण काढलेला असतो आणि त्याच वजनाचं सल्फोबीटेन मेथाक्रिलेट सुरुवातीलाच केटलमध्ये (अभिक्रियेच्या भांड्यात) ओतलेलं असतं. बाकी सगळं जसंच्या तसं. मग तासाभरात भिंतीला लोण्यासारखा थर चढतो, स्टररला गोळा लटकतो आणि "हे मटेरियलच चालत नाही" असा निष्कर्ष निघतो.

मटेरियल चालतं, फक्त ते साबण नाही. ते मोनोमर, म्हणजे पॉलिमरच्या साखळीची एक कडी आहे, आणि कणाच्या साखळीत जोडलं गेल्याशिवाय ते कशालाही आधार देत नाही. खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

आधी हे डोक्यात पक्कं करा

साबण असला की तो पाण्यात मायसेल (साबणाच्या रेणूंचे पुंजके) करतो, मोनोमरच्या थेंबाला वेढतो आणि जन्मलेल्या कणाला लगेच झाकतो. सल्फोबीटेन मेथाक्रिलेट (पुढे एसबीएमए म्हणतो) यातलं काहीच करत नाही. त्याच्या एकाच रेणूवर धन भाराचं नायट्रोजन आणि ऋण भाराचं सल्फोनेट असतं. एकूण भार शून्य. झ्विटरआयनिक म्हणतात ते यालाच. ते पाण्यात सहज विरघळतं, एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) किंवा बीए (ब्युटाइल ॲक्रिलेट) या मुख्य मोनोमरमध्ये जवळजवळ नाहीच.

साबणाशिवायच्या पद्धतीत कण असे जन्मतात: पोटॅशियम परसल्फेट (केपीएस) तुटतं, पाण्यात विरघळलेल्या थोड्या मोनोमरची आखूड साखळी तयार होते, ती ठरावीक लांबीला पोचली की पाण्यात राहू शकत नाही आणि बाहेर पडते. असे बारीक तुकडे एकमेकांना चिकटत जातात आणि पृष्ठभागावर पुरेसा आधार जमला की चिकटणं थांबतं. केवळ केपीएस असेल तर हा आधार साखळीच्या टोकाला असलेल्या सल्फेटच्या भाराचा असतो. पाण्यात मीठ वाढलं की तो दबतो आणि कॅल्शियमने तर फारच दबतो. साखळीत एसबीएमए असेल तर कणाभोवती घट्ट धरलेल्या पाण्याचं अस्तर बसतं. मिठाने हे अस्तर आकसत नाही, उलट सल्फोबीटेनच्या साखळ्या मिठाच्या पाण्यात जास्त मोकळ्या होतात. एवढा खर्च आपण करतो तो याच गुणासाठी.

साबण काढायचं कारण पावसाळ्यात दिसतं. जूनमध्ये बाहेरच्या भिंतीला रंग लागतो, दोन दिवसांत सर येते आणि भिंतीवर चिकट, चकाकणारे ओघळ उतरतात. तो फिल्ममधून (वाळलेल्या रंगाच्या थरातून) बाहेर आलेला साबण आणि इतर पाण्यात विरघळणारा माल असतो. जो उरतो तो फिल्मला पांढरं पाडतो आणि ओल्यात पकड सैल करतो.

टप्पा १: पाणी

बॅच फुटण्याचं पहिलं कारण पाणी. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणारं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, आणि टँकर कुठून भरून आला हे तुम्हाला माहीत नसतं. सैद्धांतिक हिशेबात दोन भारांचा आयन एका भाराच्या आयनपेक्षा ६४ पट कमी प्रमाणात लॅटेक्स फोडतो. एसबीएमए अस्तर बसल्यावर सांभाळून घेतं, पण पहिल्या अर्ध्या तासात अस्तर बसलेलंच नसतं.

डीएम (क्षार काढलेलं, डीमिनरलाइज्ड) पाणीच घ्या. आरओचं पाणी म्हणजे डीएम पाणी नव्हे. कंडक्टिव्हिटी ५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत हवी, आणि ती ज्या नळातून पाणी घेणार त्याच नळाशी, त्याच दिवशी मोजा. प्लँटच्या रजिस्टरमधला सकाळचा आकडा चालणार नाही.

*तपासणी:* केटल, फनेल, नळ्या शेवटी डीएम पाण्याने खळबळून त्या धुवणाचीही कंडक्टिव्हिटी पाहा. भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला तर "साबणाशिवाय" हा शब्दच खोटा ठरतो, आणि तुमचे कण कोणत्या आधाराने टिकले हे कधीच कळणार नाही.

टप्पा २: वजनं आणि द्रावणं

सुरुवातीला १ किलोच्या बॅचसाठी मी हे प्रमाण देतो. अंतिम फॉर्म्युला म्हणून धरू नका. इथून वर-खाली जायचं आहे.

- एमएमए १८४ ग्रॅम, बीए १५६ ग्रॅम
- एसबीएमए ६.८ ग्रॅम (या दोन्ही मोनोमरवर २ टक्के)
- केपीएस १.७ ग्रॅम
- खाण्याचा सोडा, लॅब ग्रेड, ०.६ ग्रॅम
- डीएम पाणी ६५० ग्रॅम

घनभाग (पाणी उडाल्यावर उरणारा भाग) ३५ टक्क्यांच्या आसपास येतो. फॉक्सच्या समीकरणाने टीजी (ज्या तापमानाखाली पॉलिमर कडक होतो) साधारण ११ अंश सेल्सिअस. पुण्याच्या हिवाळ्यातल्या पहाटेसाठी थोडा कोअलेसंट (कण मऊ करून फिल्म जुळवणारा द्रावक) लागेल.

पहिल्याच बॅचला ५० टक्के घनभागाच्या मागे लागू नका. साबण नसताना कण मोठे आणि संख्येने कमी असतात. जास्त घनभागावर एकमेकांवर आदळण्याचं प्रमाण वाढतं. ३५ वर स्वच्छ बॅच मिळाली की ४० वर जा.

एसबीएमए पांढरी पूड आहे आणि हवेतली ओल झटकन ओढते. फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच उघडू नका. तासभर टेबलावर ठेवा, नाहीतर आतल्या थंड पुडीवर दव धरतं. जुलैमध्ये मी वजन करायच्या आधी पाणी उकळून ठेवणारा गॅस शेजारी पेटवू देत नाही. तेवढ्यानेही पूड चमच्याला चिकटायला लागते. बाटली बरीच जुनी असेल तर थोडी पूड मॉइश्चर बॅलन्सवर कमी तापमानात पाहून वजन दुरुस्त करा.

आता वाटण्या. चूक सर्वाधिक इथे होते, म्हणून चार भांड्यांवर चिठ्ठ्या लावा:

केटल: पाणी ४७० ग्रॅम, सोडा ०.६ ग्रॅम, एसबीएमए २ ग्रॅम.
बाटली १: उरलेलं एसबीएमए ४.८ ग्रॅम, पाणी ११० ग्रॅम.
बाटली २: केपीएस १ ग्रॅम, पाणी ३५ ग्रॅम. हा सुरुवातीचा डोस.
बाटली ३: केपीएस ०.७ ग्रॅम, पाणी ३५ ग्रॅम. हा फीड.

पाचवं भांडं मोनोमर मिश्रणाचं, ३४० ग्रॅम. त्यातले १७ ग्रॅम (५ टक्के) वेगळे काढा.

एसबीएमए मोनोमर मिश्रणात मिसळायचा प्रयत्न करू नका. विरघळत नाही, तळाशी बसतं, पंपाच्या नळीत अडकतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळं एकदम केटलमध्ये पडतं. अशी एक बॅच मी पाहिली आहे. सव्वातीन तास सुंदर चालली आणि शेवटी घट्ट खीर झाली.

*सावधान:* केपीएसचं द्रावण त्याच दिवशी करा आणि विरघळवायला गरम करू नका. पाणी वाचवायचं म्हणून ५ टक्क्यांचं द्रावण करणाऱ्यांना डिसेंबरच्या सकाळी नळीत स्फटिक सापडतात. केपीएस ऑक्सिडायझर आहे. पुढे लागणारं ॲस्कॉर्बिक ॲसिड त्याच्या शेजारी ठेवू नका, चमचा एक वापरू नका. एमएमएचा फ्लॅश पॉइंट खोलीच्या तापमानाखाली आहे, तेव्हा हीटिंग मेंटलच्या बाजूला उघडं मोजमाप नको. आणि मोनोमर साठवताना नायट्रोजनखाली बंद करू नका: त्यातला एमईएचक्यू हा इन्हिबिटर (मोनोमर आपोआप पॉलिमर होणं रोखणारं द्रव्य) ऑक्सिजनशिवाय नीट काम करत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पिंपं ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

टप्पा ३: केटल लावणं

२ लिटरची काचेची केटल, तिरक्या पात्यांचा स्टरर, वेग १८० ते २०० आरपीएम. पृष्ठभागावर छोटा भोवरा दिसला पाहिजे, पण हवा आत ओढली जाता कामा नये. वेग कमी पडला तर वर मोनोमरचं तळं साचतं. जास्त झाला तर कण घुसळून निघतात. ताकातून लोणी काढतो तसंच ते आहे.

नायट्रोजन अर्धा तास पाण्यात बुडबुडे काढत सोडा. मग नळी वर घेऊन फक्त पृष्ठभागावर हलका प्रवाह ठेवा. पुढेही बुडबुडे चालू ठेवले तर नायट्रोजन एमएमए घेऊन जातो आणि फेस होतो.

तापमान ७८ अंश. पुस्तकातल्या ८०-८५ वर का नाही? एमएमए आणि पाणी मिळून समुद्रसपाटीला ८३ अंशांच्या आसपास उकळतात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथे पाणीच ९८ अंशांना उकळतं आणि हे मिश्रणही एक-दोन अंश आधी. ८० ला केटल लावली की थोडी उष्णता सुटताच रिफ्लक्स जोरात सुरू होतो. वरून परतणारा एमएमए थेंबाथेंबाने एकाच जागी पडतो आणि तिथे गुठळी बसते. कंडेन्सरला उन्हाळ्यात टाकीचं कोमट पाणी देऊ नका, चिलर लावा.

टप्पा ४: बीज, म्हणजे पहिले कण

केटल ७५ अंशांवर आली की वेगळे काढलेले १७ ग्रॅम मोनोमर टाका. दहा मिनिटं ढवळू द्या, म्हणजे पाण्यात जेवढा विरघळायचा तेवढा विरघळतो. तापमान ७८ वर स्थिर करा. आता बाटली २ एकदम, एका धारेत.

इथून घड्याळ लावा आणि केटलसमोरून हलू नका. आधी पाणी स्वच्छ दिसतं, वर थोडे थेंब. मग हळूहळू निळसर झाक येते, बाजूने टॉर्च धरला तर स्पष्ट दिसते. नंतर ती पातळ दुधाळ होते आणि तापमान दोन-तीन अंश चढून खाली येतं. निळसर झाक हीच तुमची जन्मनोंद आहे: किती मिनिटांनी आली ते लिहून ठेवा. पुढच्या बॅचला ती खूप उशिरा आली तर ऑक्सिजन राहिला आहे किंवा केपीएस जुनं आहे.

केटलमध्ये सुरुवातीला सगळंच्या सगळं एसबीएमए का नको, ते इथे कळतं. या क्षणी मोनोमर थोडाच असतो. पाण्यात ६.८ ग्रॅम एसबीएमए असेल तर केपीएसचे रॅडिकल (तुटून झालेले, साखळी सुरू करणारे तुकडे) त्यालाच पकडून त्याच्या लांब साखळ्या करतात. त्या पाण्यात विरघळलेल्याच राहतात, कणावर बसत नाहीत. उलट दोन-तीन कणांना एकाच दोरीने बांधल्यासारखं ओढून आणतात. चिकटपणा वाढतो, गुठळ्या होतात. २ ग्रॅम असेल तर बहुतेक एसबीएमए एमएमएबरोबर मिश्र साखळीत जातं, आणि अशी साखळी कणाच्या कातडीत शिवली जाते.

*तपासणी:* केपीएसनंतर २५-३० मिनिटांनी पिपेटने थेंब घेऊन काचेवर पसरवा. एकसारखा दुधाळ दिसला पाहिजे, कणी नको. कणी दिसली तर बॅच इथेच टाका. १७ ग्रॅम मोनोमर वाया गेला, पुढचे ३२३ वाचले.

टप्पा ५: फीड

तिन्ही फीड एकाच वेळी सुरू होतात, पण एकाच वेळी संपत नाहीत.

मोनोमर मिश्रण ३२३ ग्रॅम २१० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सुमारे १.५४ ग्रॅम. एसबीएमएचं द्रावण १९० मिनिटांत, मिनिटाला ०.६ ग्रॅम. केपीएसचं द्रावण २२५ मिनिटांत, मिनिटाला ०.१६ ग्रॅम.

एसबीएमए वीस मिनिटं आधी संपवायचं ते अशासाठी की पाण्यात उरलेल्या शेवटच्या एसबीएमएला जोडीला एमएमए-बीए मिळाले पाहिजेत. मोनोमर आधी संपला तर तेच एसबीएमए एकटं पॉलिमर होतं आणि पाण्यात राहतं. "पृष्ठभागावर जास्त बसावं म्हणून शेवटी देतो" असं म्हणणारे बरेच भेटतात. एसबीएमए पाण्याकडे ओढ असलेलं आहे, ते कधीही दिलं तरी साखळीतला तो भाग पाण्याच्या बाजूलाच तोंड करून बसतो. कण वाढतो तसा पृष्ठभागही वाढतो, म्हणून त्याच्याबरोबर सतत देत राहायचं.

फीडची टोकं द्रवाच्या वर भिंतीपासून लांब ठेवा. एसबीएमए आणि मोनोमरची टोकं समोरासमोर ठेवा, शेजारी-शेजारी नकोत.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची तपासणी. ६० मिनिटं झाली की ५ ग्रॅमच्या आसपास नमुना घ्या, अभिक्रिया थांबवायला हायड्रोक्विनोनचा एक कण टाका आणि घनभाग काढा. वरच्या प्रमाणात, सगळा मोनोमर पॉलिमर झाला असेल तर १७.३ टक्के यायला हवा. १५.६ आला तर आतापर्यंत दिलेल्या मोनोमरपैकी दहावा हिस्सा तसाच साचला आहे. त्याच्या खाली गेला तर फीड थांबवा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. ओव्हनला एक तास लागतो तेवढा वेळ इथे नसतो. हॅलोजन मॉइश्चर बॅलन्स वापरा, आकडा दशांशात थोडा इकडेतिकडे झाला तरी कल कळतो.

साचलेल्या मोनोमरची भीती का, त्याचा हिशेब करून पाहा. पॉलिमर होताना एमएमए मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल सोडतं, बीए सुमारे ७८. या बॅचची एकूण उष्णता २०० किलोज्यूलच्या घरात जाते. पाचवा हिस्सा साचून एकदम पेटला तर ४० किलोज्यूल, म्हणजे १ किलोच्या केटलला दहा-अकरा अंशांची उडी. ७८ आणि ११ मिळवा, आणि मघाचा उकळण्याचा आकडा आठवा.

हे मी कागदावर शिकलो नाही. नोकरीत असताना एका युनिटमध्ये गुरुवारी बॅच लावली होती. पुण्यात गुरुवार म्हणजे विजेच्या देखभालीचा दिवस, आणि ते माहीत असूनही मी लावली. दुपारी वीज गेली. स्टरर थेट लाइनवर होता आणि डोसिंग पंप यूपीएसवर. स्टरर थांबला, पंप इमानाने चालू राहिला. मी खाली जनरेटरपाशी होतो. सोळा मिनिटांनी परत आलो तर केटलमध्ये दुधावर साय असावी तसा मोनोमरचा पारदर्शक थर होता, बोटभर जाड. मी घाईने स्टरर चालू केला. तापमान ७१ वरून ८२ वर किती भरकन गेलं ते अजून आठवतं. कंडेन्सरच्या तोंडातून फेस बाहेर आला आणि खोलीभर एमएमएचा वास. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

म्हणून नियम दोन. स्टरर आणि पंप एकाच स्विचवर, म्हणजे स्टरर थांबला की फीड आपोआप थांबलं पाहिजे. आणि वीज परत आली की क्रम असा: थर दिसत असेल तर आधी थंड पाण्यात केटल उतरवा, मग स्टरर अगदी सावकाश, मग घनभाग, आणि तो आकड्यात आला तरच तापमान वाढवून फीड. थर जाड असेल तर ती बॅच वाचवायची नाही.

टप्पा ६: उरलेला मोनोमर आणि थंड करणं

केपीएसचं फीड संपल्यावर तासभर ७८-८० वर धरा. मग ६०-६५ अंशांवर आणा. टर्शरी ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड (७० टक्के) ०.३५ ग्रॅम ५ ग्रॅम पाण्यात टाका, आणि त्यानंतर ॲस्कॉर्बिक ॲसिड ०.२५ ग्रॅम ५ ग्रॅम पाण्यात, अर्ध्या तासात थेंबथेंब. दोन्हींचे ड्रॉपर वेगळे. ॲस्कॉर्बिक जास्त झालं तर पांढऱ्या रंगाला पिवळी छटा येते.

३५ अंशांखाली आल्यावरच अमोनिया. २५ टक्क्यांचा अमोनिया तसाच ओतू नका; पाच पट पातळ करा आणि पीएच ८ पर्यंत सावकाश न्या. सल्फोबीटेनला पीएचने फारसा फरक पडत नाही, त्याचे दोन्ही भार आम्लात आणि अल्कलीत टिकतात. कार्बोक्सीबीटेन वापरत असाल तर गोष्ट वेगळी: आम्लात त्याच्या ऋण टोकावर प्रोटॉन बसतो आणि ते फक्त धन भाराचं उरतं. केपीएस स्वतः पीएच खाली ओढतं, म्हणून कार्बोक्सीबीटेनवाल्यांनी सोड्याकडे दुर्लक्ष करू नये.

टप्पा ७: बॅच खरंच स्थिर आहे का

१०० मेशच्या जाळीतून गाळा. जाळीवरचा, स्टररवरचा आणि भिंतीवरचा गाळ एकत्र धुऊन, वाळवून वजन करा. स्टररवरचा गोळा हातात घेऊन कचऱ्यात टाकला आणि जाळीवरचा तेवढा मोजला, ही फसवणूक आपली आपणच करतो. १ किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर बॅच चांगली.

कणाचा आकार डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) पाहा. साबणाच्या लॅटेक्सची सवय असेल तर २००-३०० नॅनोमीटर मोठं वाटेल. साबणाशिवाय ते स्वाभाविक आहे. पातळ करायला डीएम पाण्यात चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड (लिटरमागे १ मिलिमोल) असू द्या.

झेटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागाजवळच्या भाराचा मिलिव्होल्टमधला आकडा) एवढ्यावरच विसंबू नका. एसबीएमएचा निव्वळ भार शून्य आहे. मीटरला दिसतो तो मुख्यतः केपीएसच्या सल्फेटचा. आकडा लहान येऊ शकतो आणि तरीही लॅटेक्स टिकतं, कारण आधार पाण्याच्या अस्तराचा आहे. उणे ३० नाही म्हणून चांगली बॅच ओतून देऊ नका.

त्यापेक्षा मिठाची चाचणी करा. लॅटेक्स १० टक्के घनभागावर आणा. चार चंचूपात्रांत १० मिलि घ्या. पहिल्यात डीएम पाणी, बाकीच्यांत कॅल्शियम क्लोराइडचं ०.१, ०.५ आणि २ टक्क्यांचं द्रावण, प्रत्येकी १० मिलि. लगेच, तासाने आणि दुसऱ्या दिवशी पाहा. शेजारी एसबीएमए न घातलेली, बाकी सगळी तशीच केलेली बॅच ठेवा. तुलनेची बॅच केलीच नसेल तर तुम्हाला एसबीएमएबद्दल काहीच सांगता येणार नाही, कितीही सुंदर आकडे आले तरी.

आणखी एक चाचणी फार कमी लोक करतात: पाण्यात सुटं पॉलिमर किती राहिलं? लॅटेक्स जोरात सेंट्रीफ्यूज करा, वरचं स्वच्छ पाणी घ्या, त्याचा घनभाग काढा. केपीएस आणि सोड्याचे क्षार मिळून सुमारे ०.३५ टक्के येतात. सगळंच एसबीएमए पाण्यात राहिलं असतं तर १.४ च्या आसपास आलं असतं. तुमचा आकडा ०.३५ च्या जितका जवळ तितकं एसबीएमए कणात शिवलं गेलं. ०.९-१ दिसला तर टप्पा ४ आणि ५ मधल्या वाटण्या आणि वेग तपासा, एसबीएमए वाढवू नका.

टप्पा ८: रंगात घेणं

लॅटेक्स उत्तम झालं आणि रंगात फुटलं, असं झालं की दोष लॅटेक्सला मिळतो. क्रम पाळा: लॅटेक्सचा पीएच आधी ८-८.५ ला, मग पाण्यात किंवा ग्लायकॉलमध्ये पातळ केलेला कोअलेसंट बारीक धारेने, मग पिगमेंट पेस्ट सावकाश ढवळत, आणि थिकनर शेवटी. निव्वळ कोअलेसंट एका जागी ओतला तर तिथले कण मऊ होऊन चिकटतात.

साबण नसल्याने रंगाचा पृष्ठताण जास्त राहतो. तेलकट लोखंडी पत्र्यावर तो आखडतो, खड्डे पडतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वेटिंग एजंट (रंग पसरायला मदत करणारं, साबणासारखंच रसायन) हात सैल सोडून घालणं. तीन तासांच्या कष्टाने काढलेला साबण एका चमच्यात परत येतो. आधी पत्रा नीट पुसा. मग वेटिंग एजंट ०.१ टक्क्यापासून सुरू करा आणि खड्डे थांबले तिथे थांबा. डिफोमर आणि तयार पिगमेंट पेस्टमध्येही साबण असतो. पुरवठादाराला लेखी विचारा.

कॅल्शियम कार्बोनेटचं फिलर किंवा झिंकचं पिगमेंट असेल तर लॅटेक्स टिकेल पण पेस्टमधला पॉलिअॅक्रिलेट डिस्पर्संट टिकेलच असं नाही. रंग फुटला तर गाळ भिंगाखाली पाहा: पिगमेंटचे पुंजके आहेत की पॉलिमरचे, ते आधी ठरवा. असोसिएटिव्ह थिकनर साबणाच्या लॅटेक्सला जसा वागतो तसा इथे वागणार नाही, म्हणून तीन वेगवेगळे डोस लावून दुसऱ्या दिवशीची व्हिस्कॉसिटी घ्या.

एसबीएमए किती वाढवायचं

०.५, १, २ आणि ३ टक्क्यांच्या चार बॅच करा. प्रत्येकीची २०० मायक्रॉन ओली फिल्म काचेवर ओढा, सात दिवस वाळवा, अर्धी पाण्यात २४ तास बुडवा. शेजारी एसएलएसवाल्या जुन्या बॅचची पट्टी. जुलैत खोलीतली आर्द्रता खूप असते आणि फिल्म वाळायला वेळ घेते, तेव्हा त्या सात दिवसांची आर्द्रता लिहून ठेवा, नाहीतर मार्चमधल्या पट्टीशी तुलना करून चुकीचं ठरवाल.

मिठाची चाचणी एसबीएमएबरोबर सुधारत जाते. पाण्यातली फिल्म मात्र एका टप्प्यापर्यंतच चांगली राहते. त्यानंतर हेच पाणी धरणारे गट फिल्ममध्ये पाणी ओढतात आणि काच पुन्हा धूसर होते. माझ्या हातून केलेल्या बॅचमध्ये १ ते २ टक्क्यांच्या मधली पट्टी बहुतेक वेळा सर्वांत स्वच्छ राहिली. तुमच्या मोनोमरच्या प्रमाणाला तो आकडा थोडा सरकेल. पट्टी पाण्यातून काढल्यावर लगेच छापील कागदावर ठेवा आणि अक्षरं वाचून पाहा. मग दोन तास वाळवून पुन्हा वाचा. धूसरपणा जात असेल तर ते फक्त शोषलेलं पाणी होतं. जात नसेल तर फिल्म नीट जुळलीच नव्हती, आणि तेव्हा एसबीएमएचा आकडा बदलण्याआधी कोअलेसंटकडे पाहा.